माल्बेक आणि विहीणबाईंची कवळी

शहरात किती जणांच्या तोंडात आपल्या हातचे दात आहेत हे कवळीवालीला स्वतःलाही सांगता आलं नसतं. दवाखान्यांच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर तिची कामाची खोली होती. प्लास्टरच्या धुळीनं टेबल-खुर्च्यांपासून चहाच्या कपापर्यंत सगळं पांढरं झालेलं, एका कोपऱ्यात मेण वितळवायचा दिवा, आणि भिंतीवरच्या फळीवर ओळीनं मांडलेले लोकांच्या जबड्यांचे साचे. डॉक्टर दात काढायचे, ही नवे बनवायची. "ते उजाड करतात, मी वस्ती बसवते," असं ती म्हणायची. खोलीबाहेरच्या पाटीवर तिचं पूर्ण नाव होतं, पण गल्लीत तिला कवळीवालीच म्हणत आणि तिचं त्याला काही म्हणणं नव्हतं.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. आता निवृत्त झाला होता, तरी जुनी गिऱ्हाइकं अजून फोन करायची. माणूस गुणी, पण लहानपणापासून बोलताना अडखळायचा. एखादा शब्द दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकावी तसा घशात अडकायचा आणि बाकीचं वाक्य खाली ताटकळत उभं राहायचं. घरात त्याचं कुणाला काही वाटत नसे. कवळीवाली शब्द सुटेपर्यंत थांबायची, आणि त्याच्या तोंडचा शब्द तिनं पुरा केला असं तीस वर्षांच्या संसारात एकदाही झालं नव्हतं.

दोघांची चैन एकच, शनिवारच्या संध्याकाळची. कोपऱ्यावरच्या दुकानात एक लाल वाइन मिळायची, माल्बेक. खिशाला परवडणारी, साध्या कागदाचं लेबल, त्यावर डोंगराचं बरंसं चित्र. दुकानदारानं नवऱ्याला एकदा सांगितलं होतं की ही द्राक्षं समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरवर पिकतात. झालं! आयुष्यभर माणसांना वर नेऊन सोडणारा तो गृहस्थ, उंचीचं नाव काढताच खूश झाला. मग त्यानं वाचून काढलं, ह्याला विचारलं, त्याला विचारलं. तिथं वर ऊन कडक असतं म्हणून द्राक्षाची साल जाड होते आणि वाइनला तो काळपट जांभळा रंग येतो. रात्री कडाक्याची थंडी पडते म्हणून आंबटपणा टिकून राहतो, वाइन नुसती गोडगोड होत नाही. ती प्यायची कशी हेही त्यानं स्वतःच शनिवारी शनिवारी करून ठरवलं होतं. कवळीवाली मशरूम तव्यावर कडा करपेस्तोवर भाजायची, सोबत जुन्या चीजचा तुकडा ठेवायची, आणि दोघं खिडकीशी बसायची. दुसऱ्या ग्लासानंतर दोघांचे दात जांभळे व्हायचे. "उद्या गिऱ्हाईक आलं तर म्हणेल, हिच्याच दातांचा रंग जुळेना," असं ती म्हणायची, आणि नवरा दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसायचा.

लेकीचं लग्न ठरलं ते जज्जबाईंच्या मुलाशी.

जज्जबाई म्हणजे मोठं प्रस्थ. न्यायाधीश म्हणून निवृत्त झाल्या होत्या, पण निकाल द्यायची सवय काही निवृत्त झाली नव्हती. सून बघितली, "ठीक." सुनेचे कपडे बघितले, "बदलावे लागतील." त्यांच्या दिवाणखान्यात काचेचं एक थंड कपाट होतं आणि त्यात वाइनच्या बाटल्या आडव्या झोपवलेल्या. शहरातल्या वाइन क्लबच्या त्या अध्यक्षा होत्या. त्यांनी घोट घेऊन मान हलवली तर चारचौघे मान हलवायचे, आणि नाक मुरडलं तर बाटलीचं नशीब फुटलं म्हणून समजायचं.

दोन्ही घरांची ओळख व्हावी म्हणून त्यांनी रविवारी दुपारी जेवायला बोलावलं. नवऱ्यानं ठरवलं, आपली माल्बेक न्यायची. विहीणबाई जाणकार आहेत, त्यांना नक्की गंमत वाटेल. आठवडाभर दाढी करताना आरशासमोर त्यानं पाच वाक्यं पाठ केली. शुक्रवारी बाहेर येऊन म्हणाला, "आज चा... चार आली सरळ."

जेवणाच्या टेबलापाशी तो बाटली हातात घेऊन उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर घाम. "ही मा... मा..."

"माल्बेक," जज्जबाईंनी शब्द पुरा करून टाकला आणि बाटली त्याच्या हातातून काढून घेतली. हात लांब करून लेबल वाचलं, बाटली फिरवली. मागं दुकानाची किमतीची चिठ्ठी तशीच होती. "अरे वा! किंमतही ठेवलीत, पुराव्यासकट." मग मुलाकडे बाटली देत म्हणाल्या, "ही आत दे रे. सॉसमध्ये घालायला होईल."

नवरा अजून उभाच होता. त्याची पहिलं वाक्य संपवायची खटपट चालू होती.

"बसा ना, व्याही," जज्जबाई म्हणाल्या. "उभं राहून काय शपथ घ्यायचीय?"

सगळे हसले. जावई हसला. लेक हसली. आणि कवळीवालीही हसली. मोठ्या घरात पहिल्यांदा आलोय, हसायचं असेल तर हसावं, अशा घाबरट घाईनं ती हसली, आणि हसता हसताच तिला नवऱ्याचा चेहरा दिसला. तो खाली बसला आणि त्यानं रुमाल मांडीवर नीट पसरला. जेवण होईपर्यंत आतून माल्बेक शिजल्याचा वास येत राहिला.

त्यानंतरच्या शनिवारी बाटली आली नाही. "हल्ली पित्त होतं," नवरा म्हणाला. त्याच्या पुढच्या शनिवारीही पित्तच. लग्न झालं, लेक सासरी गेली, वर्ष उलटलं, पित्त काही उतरलं नाही. तो बोलायचाही कमी झाला. दुकानात गेला की बोटानं वस्तू दाखवायचा. कवळीवालीनं मशरूम भाजून पाहिले, तिनं स्वतः बाटली आणून पाहिली. "तू घे," म्हणायचा आणि उठून आतल्या खोलीत जायचा.

आपण त्या दिवशी हसलो याबद्दल कवळीवालीला स्वतःला माफ करता आलं नाही. मग विहिणीला माफ करायचा प्रश्नच नव्हता. ती वरकरणी सगळं नीट करायची, सणावाराला फोन, तब्येतीची विचारपूस, "विहीणबाई, तुम्ही आहात म्हणून लेकीची काळजी नाही हो." आणि फोन ठेवला की हातातली सुरी मेणात अशी घालायची की कवळी घालणारं गिऱ्हाईक बघायला नव्हतं तेच बरं.

एके दिवशी डॉक्टरांचा फोन आला. हे डॉक्टर तरुण होते, तिच्याकडेच काम द्यायचे. "बाई, जरा दवाखान्यात येता का? एक बाई आहेत, फार चोखंदळ. वरचे सगळे दात गेलेत. रंग तुम्हीच जुळवून घ्या, माझं काही त्यांना पटत नाही."

ती रंगांची पट्टी घेऊन गेली. खुर्चीत तोंडावर रुमाल धरून जज्जबाई बसल्या होत्या.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. जज्जबाईंचा हात रुमालासकट आणखी घट्ट झाला. वरचा ओठ आत गेला होता आणि चेहरा एकदम दहा वर्षांनी म्हातारा दिसत होता.

"घरी कुणाला माहीत नाही," त्या रुमालाआडून म्हणाल्या. दातांशिवाय शब्द निसटत होते. "मुलाला वाटतंय मी मैत्रिणीकडे गेलेय, बाहेरगावी. सूनबाईलासुद्धा कळता कामा नये."

"आमच्या धंद्यात तोंडं उघडी बघायची आणि आपलं बंद ठेवायचं असतं, विहीणबाई," कवळीवाली म्हणाली. "काळजी सोडा."

डॉक्टरांनी विचारलं, "टाळूवर धातूचा पत्रा घ्यायचा की साधी प्लास्टिकची करायची? पत्रा पातळ बसतो. गरम-गार चांगलं कळतं."

"यांना योग्य वाटेल ते करा," जज्जबाई म्हणाल्या. "घरच्याच आहेत."

कवळीवालीनं पट्टी त्यांच्या ओठाशी धरली, उजेडाकडे वळवली, रंग निवडला. मग अगदी सहज, भाजीची जुडी उचलावी तसं म्हणाली, "साधीच बरी. हाड झिजलंय, मजबूत हवी."

हाड काही झिजलेलं नव्हतं.

माणसाला वाटतं, चव म्हणजे जीभ. कवळीवालीला हजार गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकून पक्कं माहीत होतं की टाळू झाकली की अर्धं जेवण हरवतं. गोड-आंबट जिभेला कळतं, पण ऊन-गार, मऊ-खरखरीत, आणि मुख्य म्हणजे तुरट, ते टाळूला आणि हिरडीला धरतं. लाल वाइनचा सगळा जीव त्या तुरटपणात. म्हणून चांगला कारागीर टाळूवरचा पापुद्रा होईल तितका पातळ ठेवतो. तिनं तो दुप्पट जाड ठेवला. मागच्या बाजूला थोडा लांबवला, ओकारी येणार नाही इतपतच. आणि दात मात्र असे केले की तिच्या हातून इतके सुंदर दात आधी झाले नव्हते. एक पुढचा दात केसभर वाकडा ठेवला, खरा वाटावा म्हणून. पॉलिश करून करून आरशासारखी चमक आणली. सूड घ्यायचा तर काम चोख हवं, नाहीतर लोक म्हणतील बाईला जमलं नाही.

डॉक्टरांनी कवळी हातात घेऊन म्हटलं, "जाड झाली का हो?"

"मजबूत झालीय," ती म्हणाली.

जज्जबाईंनी ती बसवली, आरशात पाहिलं, ओठ हलवले, हसून पाहिलं. त्यांना त्यांचा चेहरा परत मिळाला होता. त्यांनी कवळीवालीचा हात दाबला. कवळीवालीनंही दाबला.

दोन महिन्यांनी रविवारच्या जेवणाचं बोलावणं आलं. नवरा म्हणाला, पित्त आहे. ती एकटी गेली. टेबलाशी लेक, जावई, आणि क्लबातले एक जुने वकील होते. या वकिलांचे अर्ध्याहून जास्त खटले जज्जबाईंनी फेटाळले होते, त्यामुळे वकिलांना त्यांच्याबद्दल फार आदर होता आणि तितकीच खुमखुमी.

जज्जबाईंनी थंड कपाटातून एक महागडी बाटली काढली. कोवळी वाइन, अजून काही वर्षं झोपवून ठेवायला हवी होती अशी. त्यांनी ग्लास फिरवला, वास घेतला, घोट घेतला. डोळे मिटले. सगळे निकालाची वाट बघत थांबले.

"रेशीम," जज्जबाई म्हणाल्या. "अगदी रेशीम."

सगळ्यांनी घोट घेतले. जावयाचे गाल आत गेले. लेकीनं डोळे घट्ट मिटले. वकिलांनी ग्लास खाली ठेवला आणि जीभ टाळूवरून सोडवल्याचा मोठा आवाज केला.

"बाईसाहेब, रेशीम? अहो, हा पॉलिश पेपर आहे! दारं घासून निघतील."

"तुमच्या तोंडाला आज काहीतरी झालंय," जज्जबाई म्हणाल्या आणि त्यांनी आणखी एक घोट घेतला. मग आणखी एक. मुलाकडे पाहिलं. मुलानं ताटात पाहिलं.

"या निकालावर अपील करावं लागणार," वकील म्हणाले. "पुढची बाटली दुसऱ्या कुणीतरी चाखा रे."

लेकीला हसू आवरेना, तिनं तोंडावर हात धरला. वकील तर मोकळे हसले. जज्जबाईंचे कान लाल झाले. त्यांनी रुमाल उचलला, पुन्हा ठेवला आणि भाजीचं भांडं विनाकारण पुढं सरकवलं.

कवळीवालीनं तो तुरट घोट तोंडात धरून ठेवला. तिच्या टाळूला तो झकास लागत होता.

घरी येईपर्यंत तिला पंख फुटले होते. नवरा स्वयंपाकघराच्या दाराच्या बिजागरीचे स्क्रू आवळून तेल घालत बसला होता. तिनं चपलाही काढल्या नाहीत, सगळं सांगितलं. कवळी, टाळू, रेशीम, पॉलिश पेपर. वकिलांचा आवाज काढून दाखवला.

नवरा हसला नाही. "किती जा... जाड केलीस?"

"दुप्पट."

त्यानं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "एका मा... मालकानं मला चोर म्हटलं होतं. त्याच्या बिल्डिंगची लिफ्ट तरी मी नीटच केली."

"तुम्ही देवमाणूस हो!"

"देवमाणूस नाही. लिफ्ट ही लि... लिफ्ट असते. तिच्यात कोण बसतो ते बघत नाहीत."

"तुमच्यासाठी केलं मी!"

"मला विचारलं होतंस?" तो उठला. दार हलवून पाहिलं, आता ते करकरत नव्हतं. तिच्याकडे न बघताच म्हणाला, "मला त्यांचं एवढं लागलं नव्हतं. त्या पर... परक्या. तू हसलीस."

हे त्यानं कधी बोलून दाखवलं नव्हतं. कवळीवालीला रडू यायला हवं होतं, पण तिला राग आला, आणि तो पुन्हा विहिणीचाच आला. या बाईनं आपल्याला हसायला लावलं! "मुळीच बदलून देणार नाही," ती म्हणाली. "मरेपर्यंत प्लास्टिक चाखू दे."

दोन दिवस घरात भांड्यांचाच काय तो आवाज होता.

पुढं लेकीकडून बातम्या येत राहिल्या. सासूबाईंनी क्लबचं अध्यक्षपद सोडलं. सासूबाईंनी रविवारची जेवणं बंद केली. सासूबाईंनी कपाटाची किल्ली मुलाच्या हातात दिली आणि म्हणाल्या, प्यायचं असेल ते प्या. जेवताना चार घास खातात आणि उठतात. "आई, त्या वाळल्यात गं. काही सांगत नाहीत." कवळीवाली फोनवर चुकचुकायची. ठेवल्यावर बातमी मनातल्या मनात पुन्हा एकदा चघळायची. तिची भूक मात्र उत्तम होती.

मग एका सकाळी दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर काठीचा आवाज आला आणि जज्जबाई दारात उभ्या राहिल्या. त्या आत आल्या, फळीवरच्या जबड्यांकडे एकदा पाहिलं, स्टुलावर बसल्या. मग तोंडात हात घालून कवळी काढली आणि टेबलावर प्लास्टरच्या धुळीत ठेवली.

"दुसऱ्या डॉक्टरांना दाखवली," त्या म्हणाल्या. शब्द निसटत होते, आवाज मात्र कोर्टातलाच होता. "ते म्हणाले, बनवणारी अडाणी आहे. मग दात नीट बघितले आणि म्हणाले, नाही, अडाणी नाही. मुद्दाम केलंत?"

"हो," कवळीवाली म्हणाली.

"का?"

"आठवत नाही?"

"काय आठवायला हवं?"

दीड वर्ष कवळीवाली ज्या दुपारच्या आठवणीवर जगत होती, ती दुपार या बाईच्या गावीही नव्हती. तिला सगळं सांगावं लागलं, बाटली, चिठ्ठी, सॉस, शपथ. सांगताना तिचा आवाज कापत होता आणि त्याचाही तिला संताप आला.

जज्जबाईंनी मध्ये एकही शब्द टाकला नाही. शेवटी म्हणाल्या, "म्हटलं असेन. मी बोलते तशी."

"एवढंच?"

"तक्रार केली तर ही खोली बंद होईल तुमची."

"करा ना. मग तिथं सांगावं लागेल, कवळी कुणाची ते."

जज्जबाईंच्या बिनदातांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. समोरच्या वकिलानं एखादा मुद्दा बिनतोड मांडला की असंच हलत असावं. "काय हवंय तुम्हाला?"

"धातूच्या पत्र्याची नवी करून देते. पण आधी शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे यायचं. यांना बोलायचंय. ते बोलतील, तुम्ही ऐकायचं. पूर्ण. कितीही वेळ लागला तरी."

"ही जबरदस्ती आहे."

"आहेच."

घरी तिनं नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो आधी चिडला, म्हणाला मला नको असली मेहेरबानी. मग शुक्रवारी ती कामावरून आली तर तो आरशासमोर होता. शनिवारी दुपारी स्वतः दुकानात जाऊन बाटली घेऊन आला.

जज्जबाई वेळेवर आल्या. गळ्याशी रेशमी स्कार्फ, ताठ मान. खिडकीशी तिघांसाठी खुर्च्या होत्या, तव्यावरचे मशरूम बारीक चिरून बशीत ठेवले होते. नवरा उभा राहिला.

"ही मा... मा..."

शब्द अडकला. खाली रस्त्यावरून एक गाडी गेली, दुसरी गेली. जज्जबाईंचे ओठ आपोआप हलायला लागले, शब्द त्यांच्या ओठांवर येऊन थांबला. कवळीवालीनं त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी ओठ आवळून घेतले आणि दोन्ही हात मांडीत घट्ट धरले. नवऱ्याच्या मानेची शीर फुगली.

"...माल्बेक," तो म्हणाला, आणि मग वाट मोकळी झाली. "ही दीड हजार मीटरवरची. आपल्या शहरातल्या सगळ्यात उंच लिफ्टच्याही कितीतरी वर. खोलीत ठेवलेली तशीच प्यायली तर दा... दारूसारखी लागते, म्हणून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायची. मग बूच काढून तेवढाच वेळ नुसती राहू द्यायची, कारण उघडल्या उघडल्या ती लाजते. मोठ्या ग्लासात थोडीच ओतायची. पहिल्या घोटावर मत बनवायचं नाही, करपलेलं काहीतरी खायचं आणि दु... दुसऱ्या घोटाला विचारायचं."

तो थांबला. पाठ केलेलं संपलं होतं. पण तो बसला नाही. "आणि सॉसमध्ये घा... घालायची नाही," तो म्हणाला.

जज्जबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग स्कार्फ सोडला, तोंड न वळवता, दोघांच्या देखत कवळी काढली आणि समोरच्या बशीत ठेवली. ग्लास उचलला. त्यांचे गाल खोल गेले होते, पण मान तशीच ताठ होती. एक घोट घेतला, काही बोलल्या नाहीत. वरच्या हिरडीवर दाबून मशरूमचा तुकडा चावला. दुसरा घोट घेतला आणि तो बराच वेळ तोंडात फिरवला.

"तुरट आहे," त्या म्हणाल्या. डोळ्यांत पाणी आलं होतं. "टाळूला लागतेय."

नवरा पुढं झुकून निकालाची वाट बघत होता.

"मोठी नाही," जज्जबाई म्हणाल्या. "मधे जरा पोकळ आहे. शेवटही आखूड आहे." मग त्यांनी ग्लास पुढं केला. "पण अजून द्या."

नवरा इतका खूश झाला की ओतताना टेबलावर सांडली. पोकळ म्हणजे कुठे पोकळ, त्यानं विचारलं. त्यांनी सांगितलं. त्याला पटलं नाही. अर्धा तास थंड करणं जास्त होतं असं त्यांचं म्हणणं पडलं, त्यावर त्याचं अडखळत अडखळत उलट म्हणणं पडलं, आणि त्या थांबून थांबून ऐकत राहिल्या, हे कवळीवालीच्या अटीत फक्त एकदाच होतं तरीसुद्धा. बाटली संपली. दुसरी उघडली. कवळीवालीला कुणी काही विचारत नव्हतं. ती मशरूम आणायला आत गेली, बाहेर आली, तरी दोघं तशीच भांडत होती. बशीतून तिनंच केलेले दात तिच्याकडे बघून हसत होते. आपण मांडलेल्या या दरबारात आपलीच सुनावणी राहून गेली असं तिला वाटत राहिलं.

धातूची कवळी तिनं पुढच्या आठवड्यात केली. पापुद्रा इतका पातळ की तळहातावर ठेवल्यावर वजन लागू नये. दवाखान्यात जज्जबाईंनी ती बसवली, जीभ फिरवली आणि पाणी मागितलं. एक घोट घेतला आणि थांबल्या.

"गार आहे," त्या म्हणाल्या, आणि पूर्ण ग्लास पिऊन टाकला.

माफी त्यांनी मागितली नाही. कवळीवालीनंही मागितली नाही. दवाखान्याच्या दारात जज्जबाई म्हणाल्या, "रविवारी जेवायला या, दोघंही. व्याह्यांना म्हणावं, वाद अर्धा राहिलाय." आणि दोन पावलं गेल्यावर वळून म्हणाल्या, "येताना बाटली वगैरे आणू नका हं. माझ्याकडे पिण्यासारख्या आहेत."

कवळीवालीची कानशिलं तापली. ती हसून "बरं" म्हणाली. नवरा हल्ली दुकानात तोंडानं वस्तू मागायला लागला होता, शनिवारचं पित्तही गेलं होतं, त्यामुळे तिला आता तक्रारीला जागा नव्हती. पण राग काय जागा विचारून बसतो? गल्लीतून परत येताना तिला आठवलं, मघाशी विहीणबाईंनी पाणी प्यायला तोंड उघडलं तेव्हा खालचे पुढचे दोन दात तिला दिसले होते. हिरडी उतरलेली, मुळं उघडी पडलेली, जरा धक्का लागला तर हलतील असे. फार तर वर्ष काढतील. डॉक्टरांच्याही लक्षात येईलच, आपण कशाला सांगा.

जिना चढून ती खोलीत आली, दिवा पेटवला आणि मेण वितळायला ठेवलं. तिला घाई नव्हती.